खुडूक (अंडी उबवायला बसलेली) कोंबडी आजारी नसते: फिरत्या संदेशाबाबत खुलासा

‘खुडूक कोंबडीला ताप असतो, तिला थंड पाण्यात बुडवा, दोन दिवस उपाशी ठेवा’ हा फिरणारा संदेश चुकीचा आहे. मेंदूतील पियुषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक (हार्मोन) वाढते, त्यामुळे अंडाशय आक्रसते, अंडी थांबतात आणि कोंबडी रवणीला, म्हणजे अंडी उबवायला बसते. हात घातल्यास पिसे फुलवून चोच मारणाऱ्या या कोंबडीच्या पोटाखालची उघडी, ऊबदार त्वचा अंड्यांना टेकलेली असते आणि तो स्पर्शच प्रोलॅक्टिन चढे ठेवतो. म्हणून अंडी व घरटे दूर करून तिला काही दिवस जाळीच्या तळाच्या, उजेडाच्या पिंजऱ्यात दाणापाण्यासह ठेवल्यास संप्रेरक उतरते. आधीच कमी खाणाऱ्या पक्ष्याला उपाशी मारणे क्रूरपणाचे आहे. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये.