निवडून आलात? मग आता सूर्यालाही कामाला लावा

गुलाल उडाला, हार सुकले, विजयी मिरवणुकीतल्या डीजेचं बिल पण कुणाच्या तरी गळ्यात मारून झालं. आता सोमवारी नगरपरिषदेत जायचंय आणि तिथे कुणीतरी यूट्यूब चॅनलवाला माईक पुढे करून विचारणारच, हरित ऊर्जेबद्दल तुमचं व्हिजन काय? घाबरायचं नाही. मी एका क वर्ग नगरपरिषदेच्या विद्युत विभागात २९ वर्षं क्लार्क होतो, मुख्याधिकारी येतात नि जातात, फाईल तिथेच असते आणि फाईलजवळ मी असायचो, त्यामुळे चार गोष्टी तुम्हाला फुकट सांगतो. सल्लागार एजन्सी नेमलीत तर हेच पीपीटीत घालून देईल आणि वर जीएसटी लावेल.

तर सोलर म्हणजे वीज, हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. वीज महावितरण देतं आणि आपण तिचं बिल थकवतो, हे नातं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, त्यात सूर्याला आणायचं काम नाही. सोलर म्हणजे खांब, सोलर पथदिव्याचा. खांब लांबून दिसतो, त्याच्यावर तुमचं नाव आणि प्रभाग क्रमांक रंगवता येतो, त्याचं भूमिपूजन वेगळं नि लोकार्पण वेगळं करता येतं. वाचलेल्या युनिटचं लोकार्पण झालेलं मी तरी उभ्या नोकरीत पाहिलं नाही, नारळ फोडायचा कशावर?

आता तुमच्या ऑफिसात एखादा नवा जेई, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर, असेल, डिप्लोमा करून ताजा ताजा लागलेला, त्याच्यापासून जपा. आमच्याकडे एक होता. आला, पहिल्याच महिन्यात त्याने बिलांची फाईल मागितली. मी म्हटलं अरे बाबा ती कपाटावर आहे, वर कबुतरं बसतात, राहू दे. ऐकलं नाही. दोन दिवस पेन्सिल घेऊन बसला आणि तिसऱ्या दिवशी सीओंच्या, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांच्या, केबिनमध्ये जाऊन म्हणाला, सर आपलं सगळ्यात मोठं बिल पथदिव्यांचं नाहीच, पाणीपुरवठ्याचं आहे. जॅकवेलवरचा, म्हणजे जिथून गावाचं पाणी उपसतो त्या विहिरीवरचा, ५० एचपीचा पंप म्हणजे साधारण ३७ किलोवॅट, रोज १६ तास चालतो म्हणजे झाले ६०० च्या आसपास युनिट, एका दिवसाला. एक किलोवॅट सोलर आपल्याकडे दिवसाला चार युनिट देतं, म्हणजे दीडशे किलोवॅट लावलं की पंपाचं भागलं. जागा लागेल अर्धा-पाऊण एकर, ती जॅकवेलशेजारच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या आवारात आहेच, नुसतं गाजरगवत माजलंय. दिवसा ऊन असेल तेव्हा जास्तीत जास्त उपसून उंच टाकी भरून ठेवायची, टाकी हीच आपली बॅटरी, आणि उरलेल्याचा हिशोब नेट मीटरवर, म्हणजे महावितरणला दिलेली वीज बिलातून वजा.

बघा म्हणजे. सगळं बरोबर होतं पोराचं, तीच तर अडचण. जॅकवेल गावापासून सात किलोमीटरवर, तिथे मतदार राहत नाही, एक वॉचमन राहतो आणि त्याचं नाव दुसऱ्या गावच्या यादीत. तिथे दीडशे किलोवॅट लावून पाहणार कोण? सीओ साहेब अनुभवी होते, म्हणाले फार छान, टिपणी सादर करा, आणि त्याच संध्याकाळी त्याला मतदार यादीच्या कामाला लावलं. तिथून सुटला तो घरपट्टी वसुलीला गेला, तिथून बदली होऊन गेला. टिपणी अजून आहे. कबुतरं पण आहेत.

तोच किंवा तसलाच कुणी तुम्हाला रेस्को म्हणून एक प्रकार सांगेल. कंपनी स्वतःच्या पैशाने तुमच्या छतावर पॅनेल लावते, स्वतः पुसते, बिघडलं तर स्वतः दुरुस्त करते आणि तुम्ही फक्त तयार झालेल्या युनिटचे पैसे द्यायचे, ठरलेल्या दराने, वीस-पंचवीस वर्षं. नगरपरिषदेचा एक रुपया गुंतत नाही. हे ऐकून तुम्हाला बरं वाटलं असेल तर तुम्ही अजून सभागृहात मुरलेले नाही. रुपया गुंतत नाही म्हणजे एस्टिमेट नाही, एस्टिमेट नाही म्हणजे टेंडर नाही, आणि टेंडर नाही म्हणजे... असो, तुम्हाला गणित येतं म्हणूनच निवडून आलात. वरून कंपनी पंचवीस वर्षांचा करार मागते आणि आपल्याला पाच वर्षांपलीकडचं दिसत नाही, त्यातली पहिली दोन तर निवडणुकीचा खर्च भरून काढण्यात जातात. तेव्हा रेस्कोचा विषय आला की गंभीर चेहऱ्याने म्हणायचं, पारदर्शकतेच्या दृष्टीने सखोल अभ्यास व्हावा. मुंबई महापालिकेचं मध्य वैतरणा धरण २०१४ ला पूर्ण झालं, त्यावर जलविद्युत आणि तरंगतं सोलर उभारायचा करार व्हायला पुढे कित्येक वर्षं गेली. एवढ्या श्रीमंत महापालिकेला घाई नाही, आपल्याला कसली आलीय.

खांबांकडे वळू. निधीची काळजी नको, वित्त आयोगाचा अबंधित, म्हणजे ठराविक कामाची अट नसलेला, निधी आहे, जिल्हा नियोजन आहे, आमदार फंड आहे, अगदीच नसेल तर दुसऱ्या हेडचं उरलेलं वळवता येतं, विषय ऐनवेळच्या विषयात घ्यायचा, सूचक तुम्ही, अनुमोदक विरोधी पक्षातला (त्याच्याही वॉर्डात चार खांब टाकायचे), संपलं. एस्टिमेटमध्ये पॅनेल, बॅटरी, दिवा, फाउंडेशन सगळं धरा, पण पाच वर्षांची देखभाल तेवढी धरू नका, त्याने आकडा फुगतो आणि पुढच्या वर्षी तेच खांब परत बसवायची संधी जाते. बॅटरी खांबाला खाली पेटीत ठेवा, हाताला येईल अशी. आमच्याकडे एका पावसाळ्यात ३१ बॅटऱ्या गेल्या. पंचनामा करताना पोलिसांनी विचारलं पेटीला कुलूप होतं का, ठेकेदार म्हणाला होतं ना, आणि खिशातून चाव्यांचा जुडगा काढून दाखवला, एकतीसच्या एकतीस चाव्या, एकदम नव्या. कुलपं कुणी बघितलीच नव्हती.

खांब कुठे बसवायचा हा अधिकार मात्र जेईला देऊ नका. तो सावली बघतो, दक्षिण दिशा बघतो, नको ते बघतो. तुम्ही घर बघा. आधी तुमचं, मग साडूचं, मग ज्याने बूथ सांभाळला त्याचं. त्याच्या दारात चिंचेचं झाड असलं तरी हरकत नाही, चिंचेखाली पण खांबाला खांबच म्हणतात. आणि एकदा बसला की त्याचा खरा उपयोग सुरू होतो, तो म्हणजे फ्लेक्स. सोलरचा खांब फ्लेक्ससाठी इतका सोयीचा की वाटतं मुद्दाम त्यासाठीच बनवलाय, जाड पाईप, करंट लागायची भीती नाही, महावितरणचा वायरमन ओरडत नाही. आमच्या बसस्टँड चौकातल्या खांबावर दादांच्या वाढदिवसाचा आठ बाय दहाचा फ्लेक्स अशा बेताने बांधला होता की दादांचा जोडलेला हात बरोब्बर पॅनेलच्या पुढे यायचा. पंधरा दिवस दिवा बंद. लोकांनी तक्रार केली तर ठेकेदार म्हणाला पॅनेल फॉल्टी आहे, कंपनीला मेल केलाय. फ्लेक्सवर खाली काय लिहिलं होतं माहितीये? शहराला प्रकाशाकडे नेणारे नेतृत्व. मी कुणालाच काही बोललो नाही, माझं पेन्शन अजून बसायचं होतं.

बरं, नुसत्या खांबांवर भागत नाही, कारण वर्षातून एकदा 'माझी वसुंधरा'चे मार्क असतात. हे राज्य सरकारचं अभियान २०२० पासून सुरू आहे, भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश अशी पंचमहाभूतं, आणि आपला विषय अग्नी या तत्त्वात येतो. अभियान वाईट नाही हां, काही गावांनी त्यात मनापासून काम केलंय. तुम्हाला तेवढं करायची गरज नाही. पेंटर बोलवा, बाजारपेठेतल्या शाळेच्या भिंतीवर पाच महाभूतं काढा, अग्नीमध्ये एक हसरा सूर्य काढा आणि सूर्याच्या हातात प्लग द्या. मग ऑफिसच्या गच्चीवर दहा किलोवॅट बसवा. दहा किलोवॅट म्हणजे दिवसाला ४० युनिट, आणि त्या ६०० वाल्या पंपाची आठवण इथे कुणी काढायची नाही. पोर्चमध्ये लाल आकड्यांचा डिस्प्ले लावा, आज वाचलेलं कार्बन एवढे किलो, असा. तपासणी पथक त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतं, वर गच्चीत कुणी जात नाही, जिना अरुंद आहे.

मी गेलो होतो एकदा. मे महिन्यात, दुपारी. पॅनेलवर धुळीचा असा थर की कुणीतरी बोटाने त्यावर हिशोब केला होता, हातचे एक वगैरे. आणि कडेच्या सहा पॅनेलवर आमच्या ऑफिसातल्या मावशींनी पापड वाळत घातले होते, उडदाचे, ओळीने, मध्ये जुनी साडी अंथरून. मी म्हटलं मावशी, अहो ही सोलर आहे. त्या म्हणाल्या, ठाऊक आहे की, फरशीपेक्षा इथे लवकर वाळतात. गेल्या तीन वर्षांत त्या पॅनेलचा एवढा फायदा दुसऱ्या कुणाला झाला असेल असं मला वाटत नाही. खाली उतरलो तर डिस्प्ले चालूच होता, वाचलेलं कार्बन वाढतच होतं. त्याची वायर वर जातच नव्हती, तो आपला महावितरणच्या प्लगवर होता.

अभ्यास दौरा विसरू नका. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात मान्याचीवाडी आहे, २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं, घरं, पथदिवे, ग्रामपंचायत सगळं सोलरवर. छोटंसं गाव, माणसं आपापसात बोलतात, ग्रामसभेला येतात, त्यामुळे त्यांच्याकडून आपल्याला शिकण्यासारखं फारसं नाही, पण दौऱ्याला छान आहे. येताना चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्कीखाली ग्रुप फोटो होतो, ठोसेघरचा धबधबा होतो, मटणाची सोय आधी सांगितली तर उत्तम होते. परत आल्यावर त्या गावाच्या अभिनंदनाचा ठराव घ्या. आपण काय करणार हा ठराव घ्यायची पद्धत नाही.

गावाकडचे सरपंच वाचत असतील तर त्यांच्यासाठीही आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीत गावात प्रकल्प झाला की ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख असे तीन वर्षं मिळतात आणि शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते, म्हणजे रात्री दोनला बॅटरी घेऊन सापाच्या सोबतीने मोटार चालू करायला जायची कटकट जाते. असा चांगला विषय ग्रामसभेत आला की आधी पसरवायचं, पॅनेलमुळे ऊन परत फिरतं आणि पाऊस पडत नाही. पवनचक्क्या आल्या तेव्हा ढग पळवतात अशी ओरड झालीच होती, लोकांना सवय आहे. दोन बैठका त्यातच जातात, तोवर गायरानावर कुणाकुणाचे गोठे आहेत ते सरळ करून घेता येतं. आणि पथदिव्यांचं बिल? ते भरायचं नसतं. २०२१ मध्ये महावितरणने थकबाकीपोटी किती गावांचे पथदिवे तोडले होते आठवतंय ना, शेवटी वित्त आयोगाच्या पैशातून भरायला सांगितलं गेलं. विकासाचे पैसे गेल्या वर्षीच्या उजेडात गेले, याला म्हणतात सर्क्युलर इकॉनॉमी.

नागरिकांना मात्र कडक शिस्त लावा. घरावर तीन किलोवॅट लावा, केंद्राची ७८ हजार सबसिडी आहे, पृथ्वी वाचवा, असं घंटागाडीवर रेकॉर्ड वाजवा. कुणी खरंच लावलं आणि घरपट्टीत सवलत मागायला आलं तर अर्ज आवक-जावकला द्या म्हणावं. बिल्डरचं वेगळं. २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ठराविक इमारतींना सोलर सक्तीचं आहे, त्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र द्यायचं नाही. आमच्या गावात एक सोलर हीटर होता, टाकीला उजवीकडे पोचा आलेला. त्या पोच्याचा फोटो मी चार वेगवेगळ्या बिल्डिंगच्या फाईलींत स्वतः पंच करून लावलाय. त्या हीटरने जेवढं गाव पाहिलं तेवढं नगराध्यक्षांनी पाहिलं नसेल.

एवढं सगळं करूनही एखादा पत्रकार विचारेलच, साहेब तुमच्या कार्यकाळात लावलेल्यांपैकी चालू किती? तर एक तरी चालू ठेवा दाखवायला. आमच्याकडे होता एक, स्मशानभूमीत. सहा वर्षं रोज संध्याकाळी टायमाला लागायचा, झाड नाही, सावली नाही, बॅटरी चोरायला रात्री तिकडे कुणाची जायची छाती नाही, आणि मुख्य म्हणजे तिथे कुणी वाढदिवसाचा फ्लेक्स लावत नाही. नगरपरिषदेतला सगळ्यात यशस्वी हरित प्रकल्प.

परवा एका माणसाला पोचवायला गेलो होतो. उशीर झाला, अंधार पडला, सगळे मोबाईलचा टॉर्च लावून उभे. वर बघितलं तर खांबावर माजी उपनगराध्यक्षांचा भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स, सौजन्य सर्व नगरसेवक, सोळा फोटो. चांगला घट्ट बांधला होता, चारी कोपऱ्यांना तार.