सात किलोंचे आकाश

विमानात हातातल्या सामानाला सात किलोंची मुभा आहे. त्यातले दुर्बिणीचे किती आणि सोलांचे, म्हणजे आमसुलांचे किती, यावरून आमच्या फोंड्याच्या घरात सध्या सकाळचा चहा गार होतो.

लेक मेलबर्नला. बायको नातवाला बघायला चालली आहे. मीही नातवालाच, पण तो रात्री झोपणारच ना! गोवा विषुववृत्ताच्या जेमतेम १५ अंश उत्तरेला, त्यामुळे मे महिन्यात दक्षिणेकडचा त्रिशंकू तारकासमूह आपल्याला इथूनही दिसतो. त्याच्या शेजारचे मित्र, मित्रक हे तारेही दिसतात. मॅगेलनचे मेघ, म्हणजे ढगांच्या पुंजक्यांसारख्या दिसणाऱ्या दोन दीर्घिका, मात्र आपल्या क्षितिजाला घासून निघून जातात, तेही नेमके दमट धुरकटात. मेलबर्नहून ते कधी मावळतच नाहीत. हे बायकोला समजावले, तर म्हणाली, "ढगच बघायचेत ना? मग जूनमध्ये इथंच बसा."

दुर्बीण घ्यायची म्हटल्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. एका खगोलप्रेमी स्नेह्यांनी आठ इंची आरशाचीच घ्या म्हणून गळ घातली. तिचे वजन वीस किलोंच्या आसपास. ती नेण्यापेक्षा नातवाला इकडे आणणे स्वस्त पडले असते. शिवाय प्रवासात आदळआपट झाली की आरसे पुन्हा जुळवायला बसा. दुकानदाराने भलताच खोका काढला: वर शनीचा रंगीत फोटो आणि खाली '५२५ पट'. भिंग ७० मिलिमीटरचे. भिंगाच्या मिलिमीटरांच्या दुप्पट, म्हणजे इथे १४० पटींच्या पुढे चित्र नुसते मोठे आणि गढूळ होते, नवे काही दिसत नाही, हे मी त्याला सांगितले. तो शांतपणे म्हणाला, "सर, मग तुम्ही १४० वर थांबा. पुढचे फुकट समजा."

मन खरे जडले होते ते माक्सुतोव्हवर, म्हणजे भिंग आणि आरसा दोन्ही असलेल्या दुर्बिणीवर. १९४१ साली निघालेली ही रचना. आतल्या आत उजेड दुमडून घेते, त्यामुळे नळी वीतभराहून थोडीच मोठी. चंद्र आणि ग्रह बघावेत तर तिच्यातूनच. पण तिच्यात एका वेळी अंश-सव्वा अंश आकाश मावते आणि मोठा मॅगेलन मेघ पसरलाय दहाएक अंश. शेवटी ८० मिलिमीटर भिंगाची, ४०० मिलिमीटर फोकल लेंग्थची (भिंगापासून प्रतिमा जुळते तिथवरच्या अंतराची) आखूड नळी ठरली. १६ पट, तीनेक अंश आकाश. प्रखर ताऱ्याभोवती तिच्यात जांभळट किनार दिसते. दिसू दे, साडीला असते, ताऱ्यालाही असली म्हणून काय बिघडले?

नळीचे वजन बघायला घरचा काटा कुचकामी. तो माणसांचा, दीडदोन किलोंची दखलच घेत नाही. म्हणून नळी काखोटीला मारून पोसरकाराकडे, म्हणजे वाणसामानाच्या दुकानात गेलो. त्याने साखरेचे कण फुंकून काटा शून्यावर आणला, नळी आडवी ठेवली, ती घरंगळू नये म्हणून बाजूला बोट धरले.

"सर, हें कितें? तोफ?"

"बोट काढ आधी."

बोट काढल्यावर १ किलो ६२० ग्रॅम. मागे कांद्यांसाठी उभ्या असलेल्या बाई पुढे वाकल्या आणि विचारत्या झाल्या, "कशी किलो?"

इथवर मी सुखात होतो. मग तिपाई आली. लोक दुर्बिणीचे वजन विचारतात, पण खरा भार असतो तो या तीन पायांचा. हलकी तिपाई थरथरते, आणि ५० पट दाखवणारी दुर्बीण ती थरथरही ५० पटच दाखवते. जड तिपाई थरथरत नाही, कारण ती घराबाहेरच पडत नाही. भाचा लग्नाचे फोटो काढतो. तो म्हणाला, "मामा, कार्बन फायबरची घे, उचललेली कळत नाही." किंमत ऐकल्यावर मलाच उचलायची वेळ आली. अखेर त्याचीच जुनी ॲल्युमिनियमची तिपाई उसनी घेतली. ती आता मोठ्या बॅगेत, बायकोच्या दोन साड्यांच्या मध्ये, तिच्या लेखी परवान्यानिशी झोपली आहे.

नळी मात्र हातातच न्यायची, भिंगाचा भरवसा मी बॅगा फेकणाऱ्यांवर टाकणार नाही. तर काल बायकोने ती उचलून उलटसुलट केली.

"हे पुढचं पोकळ कशाला?"

"भिंगावर दव पडू नये म्हणून."

"म्हणजे रिकामंच."

आज सकाळी टोपण काढले, तर भिंगासमोर प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेली सोलं! ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याचे जिन्नस फॉर्मवर लिहून द्यावे लागतात, लपवले तर जबर दंड, हे मी तिला सांगितले. तिची हरकत नाही. लिहा म्हणाली. पण ते दुर्बिणीत का ठेवलेत असे अधिकाऱ्याने विचारले तर?

"ग्रहण बघताना पुढं काळं काहीतरी लावता ना तुम्ही? तेच म्हणा."