पट्टीवर शून्यच नसेल तर?

मुलांना काय येतं हे तपासणाऱ्या 'असर' या शैक्षणिक पाहणीतले 2023 चे दोन आकडे डोक्यातून जात नाहीत. ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलामुलींना पट्टीशी लावलेल्या वस्तूची लांबी विचारली होती. वस्तूचं टोक शून्यावर होतं तेव्हा जवळपास 85 टक्के मुलांनी बरोबर सांगितली. सुरुवात शून्यावरून हलली आणि बरोबर उत्तरं 39 टक्क्यांवर आली.

म्हणजे बऱ्याच पोरांना लांबी मोजता येत नाही, पट्टीवरचा शेवटचा आकडा तेवढा वाचता येतो. आणि आपण त्यालाच इतकी वर्षं गुण देत आलोय.

मी पाचवी-सहावीला गणित शिकवते. पट्टीची झेरॉक्स काढून तिचे मधूनच तुकडे कापते आणि वाटते. लगेच ओरड: "ओ बाई, ह्याला शून्यच नाही!" नसू दे, मोजा. समजा, कागदाची पट्टी 3 वर सुरू होऊन 8 वर संपते. वर्गातून तीन उत्तरं येतात. 8 म्हणणाऱ्याने टोकाचा आकडा वाचला. 6 म्हणणाऱ्याने रेघा मोजल्या: 3, 4, 5, 6, 7, 8. हा पोरगा खरं तर पहिल्यापेक्षा पुढे आहे, त्याला मोजायचंय हे कळलंय, फक्त काय मोजायचं ते कळलेलं नाही. 5 म्हणणाऱ्याने रेघांमधल्या जागा मोजल्या किंवा वजाबाकी केली. त्यालाही विचारावं, वजा का केलंस? "ताईने सांगितलं" हे उत्तर मी ऐकलेलं आहे.

लेखी पेपरात 8 आणि 6 दोघांनाही सारखीच लाल फुली. पेपर काढणाऱ्यांनी निदान पर्यायांत हे तिन्ही आकडे ठेवावेत, म्हणजे कोण कुठे अडलंय ते तरी कळेल.

पण मापनाच्या प्रकरणातले बरेचसे गुण जातात रूपांतराला. 3 किमी 45 मी म्हणजे किती मीटर? चांगला प्रश्न आहे, पण तो स्थानिक किमतीचा. टेपला हात न लावता पैकीच्या पैकी मिळतात. किमी-हेमी-डेकामीचा तक्ता तोंडपाठ असलेल्या मुलाला हेक्टोमीटर कधी भेटतच नाही. भेटतो खरं तर, सातबाऱ्यावर! हेक्टोमीटर म्हणजे 100 मीटर, आणि तेवढ्या बाजूचा चौरस म्हणजे हेक्टर. मैदानावर फक्कीने 10 मीटर बाजूचा चौरस आखा, तो एक आर. घरी ज्याच्या गप्पा चालतात तो गुंठा 1089 चौरस फुटांचा, म्हणजे आरपेक्षा जेमतेम मोठा. शेतकऱ्याच्या पोराला हे एकदा आखून दाखवा, मग क्षेत्रफळाचं सूत्र सांगा.

अजून एक गोष्ट खटकते. दोन गटांनी एकच टेबल मोजलं, एकाचं 121 सेमी आलं, दुसऱ्याचं 122. वर्ग लगेच न्यायालय होतो, कोणाचं चूक? कदाचित कोणाचंच नाही. टेप ताणलेला होता का, कड झिजलीय का, मिलिमीटर पाहिले का, यावर बोलणं हेच खरं मापन. (सुताराच्या स्टील टेपचं टोक सैल असतं ते खराब झालेलं नसतं बरं का. अडकवून बाहेरून मोजा की टेकवून आतून, टोकाच्या जाडीचा फरक पडू नये म्हणून ते तेवढंच सरकतं. हे दाखवलं की मुलं टेप सोडत नाहीत.)

हे तपासायला नवी योजना नको. 2010 पासूनच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात प्रात्यक्षिक आणि कृती ही साधनं दिलेलीच आहेत, पहिली-दुसरीला तर 70 टक्के भार आकारिकला, म्हणजे वर्षभर शिकवता शिकवता केलेल्या मूल्यमापनाला. प्रत्यक्षात मात्र एप्रिलमध्ये तयार नोंदींच्या पुस्तकातून 'मोजपट्टीचा योग्य वापर करतो' असं वाक्य उतरवलं जातं. पोराने पट्टी धरलेली कोणी पाहिलेली नसते.

वेळ नाही, ही तक्रार खरी आहे, मीही करते. मी रोज चार-पाच जणांनाच बोलावते. आधी अंदाज सांगायचा, मग मोजायचं. अंदाज आणि माप दोन्ही वहीत शेजारीशेजारी लिहायचे. मोजताना हात बघितला की पुष्कळ कळतं. माझा वर्ग लहान आहे, म्हणून जमतं. ज्यांच्या वर्गात साठ मुलं आहेत ते प्रात्यक्षिक कसं घेतात, हे मला खरंच जाणून घ्यायचंय. लिहा खाली.