जगात जगायचं कसं, टिंबाशिवाय?

भाची कॅनडात वाढलीय, दहा वर्षांची, रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्याकडे मराठी वाचते. परवा वाक्य आलं, "या जगात जगायचं कसं". पोरीने दोन्ही ज एकसारखे वाचले. म्हटलं अगं, पहिला 'जीवना'तला ज, दुसरा 'जमिनी'तला. तर म्हणे, "मामा, पण दोन्ही सेमच दिसतायत, कळणार कसं?" मामा गप्प.

खरंच की! पहिली वेलांटी का दुसरी यावरून आपण लोकांची अब्रू काढतो, बोलताना तो फरक किती जण करतात देव जाणे, आणि जिथे चक्क दोन वेगळे आवाज आहेत तिथे खूणच नाही. "चार गाईंना चारा घातला" घ्या, पहिला च 'चिमणी'तला, दुसरा 'चाका'तला, ओळखा आता!

उलट अक्षरावरचं टिंब बघा, बिचारं किती ठिकाणी राबतं. 'अंग'मध्ये ङ, 'अंत'मध्ये न, 'आंबा'मध्ये म, 'सिंह' आपण सिंव्ह म्हणतो आणि 'केलं'मध्ये तर नाकाचा संबंधच नाही, नुसता शेवटचा अ लांबवायचा. आजोबांच्या पत्रांत 'नांव' असायचं, होडी ती 'नाव' आणि माणसाचं ते 'नांव'. शुद्धलेखनाच्या 1962 च्या नियमांत असले उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. बरंच झालं, ऐकू येत नव्हते ते काढले. मग ऐकू येतंय त्याला खूण द्यायला काय हरकत आहे? बॅट-बॉलसाठी चंद्र घेतलाच ना आपण, दर्या आणि दऱ्या वेगळे दिसावेत म्हणून तो वेगळा र पण सांभाळतो.

रोजच्या लिखाणात नको, पण लहान मुलांच्या आणि नव्याने शिकणाऱ्यांच्या पुस्तकांत तरी 'चाका'तल्या, 'जमिनी'तल्या आवाजासाठी च़, ज़, झ़ असा खाली नुक्ता, म्हणजे टिंब, द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. लगेच कुणीतरी म्हणेल हिंदीची नक्कल. अहो, हिंदीत तो ज़ फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांच्या उच्चारासाठी, आपला आवाजच वेगळा, आणि टिंब काय कुणाच्या मालकीचं आहे का?

भाचीने तर पेन्सिलने टिंबं द्यायला सुरुवातपण केलीय. काल पानाचा फोटो पाठवला, खाली प्रश्न: 'माझा'ला टिंब, मग 'माझी'ला का नाही? म्हटलं मोठ्याने म्हणून बघ, ई आली की जीभ आपोआप टाळूकडे जाते. दहा मिनिटं झाली, ताईचा मेसेज, "काय शिकवलंयस रे, घरभर माझा-माझी करत फिरतेय."