पाच गावांची मोट आणि बिशप मॉयनिहन चषक : एका प्रतिक्रियेला उत्तर

नाशिककर, नमस्कार.

आयर्लंडमधल्या केरी काउंटीच्या (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखं) गेलिक फुटबॉल चॅम्पियनशिपवरच्या, म्हणजे बिशप मॉयनिहन चषकावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत त्याचा गोषवारा असा : ईस्ट केरी हा क्लबच नव्हे, आजूबाजूच्या गावांतले चांगले खेळाडू उचलून बांधलेली मोट आहे. अशा संघाने 2019, 2020, 2022 आणि 2023 ला चषक नेला, त्यात कौतुक कसलं? वर हा विजेता मन्स्टर प्रांताच्या (केरी ज्यात येतं त्या) स्पर्धेत जाऊच शकत नाही, त्याच्याऐवजी काउंटीत हरलेला क्लब जातो, म्हणजे सगळा पोरखेळ. विजेत्यांच्या तक्त्यात त्या चार वर्षांवर फुली मारा, असंही म्हणालात. शिवाय, ‘आमच्याकडे कबड्डीत बाहेरचे गडी आणले की आयोजक टेबलावरूनच परत पाठवतात’, हा टोला वेगळाच.

कबड्डीचंच आधी घेतो. तुम्ही म्हणता तो बाहेरचा गडी मानधन घेतो आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच मंडळाची जर्सी चढवतो. गेलिक फुटबॉल या आयर्लंडच्या देशी खेळात मानधन नावाचा प्रकार नाही. ऑल-आयर्लंड, म्हणजे देशाचं अजिंक्यपद, जिंकणारा खेळाडूसुद्धा सोमवारी सकाळी कामावर जातो. आणि ईस्ट केरीकडून खेळणारा कुणी आपला क्लब सोडत नाही. अशा विभागीय संघाच्या, म्हणजे एका भागातल्या लहान क्लबांच्या एकत्र संघाच्या, सरावाला जाऊन उभे राहा : लिस्ट्रीचे मोजे, ग्लेनफ्लेस्कची चड्डी, फॉसाचं जॅकेट, सगळी सरमिसळ. सराव संपला की जो तो आपल्या गावच्या रस्त्याला.

फॉसा हे किलार्नीजवळचं छोटं गाव. डेव्हिड आणि पॉडी हे क्लिफर्ड बंधू तिथले. जुलै 2022 मध्ये दोघांनी केरीकडून गॉलवेला हरवून ऑल-आयर्लंड जिंकलं. त्याच मोसमात ईस्ट केरीकडून काउंटीचा सीनियर चषक, आणि फॉसाकडून ज्युनियर. हो, ज्युनियर. डेव्हिड, देशातला सर्वोत्तम फॉरवर्ड, आपल्या गावासाठी खालच्या दर्जाच्या स्पर्धेत खेळत होता. जानेवारी 2023 ला डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर, ज्युनियर क्लबांच्या ऑल-आयर्लंड अंतिम सामन्यात, फॉसाने टिरोन काउंटीच्या स्टुअर्टस्टाउनला 0-19 विरुद्ध 1-13 असं हरवलं (पहिला आकडा गोलांचा, गोलाचे तीन गुण, म्हणून 19 विरुद्ध 16). त्या सामन्यात दोघांही भावांना लाल कार्ड मिळालं! गावच्या ज्युनियर संघाकडून इतक्या ईर्ष्येने खेळणाऱ्याला तुम्ही ‘उचललेला गडी’ म्हणणार असाल तर म्हणा, मला ते जमणार नाही.

विभागीय संघ नसता तर क्लिफर्डपुढे दोनच वाटा होत्या : काउंटीचा सीनियर चषक कायमचा विसरायचा, किंवा किलार्नी-ट्रलीसारख्या शहरांतल्या मोठ्या क्लबात जायचं. दुसरी वाट एकदा मोकळी केली की लहान गावांचे क्लब दहा-पंधरा वर्षांत ओस पडतील. ही सोय काही काल-परवाची नाही, आणि क्लिफर्डसाठी केलेलीही नाही. व्हॅलेन्शिया बेटावरचा मिक ओकॉनल 1959 ला केरीचा कर्णधार होता. तेव्हा बेटाला पूल नव्हता. सरावाला जायचं तर आधी होडी वल्हवत मुख्य भूमी गाठायची. तेवढ्याशा बेटाचा क्लब एकट्याच्या बळावर काउंटी जिंकणं अशक्यच. पण 1958 चा चषक साउथ केरीचा होता, म्हणजे त्या भागातल्या क्लबांच्या एकत्र संघाचा. काउंटी विजेत्याने केरीचा पुढचा कर्णधार सुचवायचा हा तिथला रिवाज, त्यामुळे मान ओकॉनलकडे आला. 2024 ला डॉक्टर क्रोक्स हा किलार्नीचा क्लब जिंकला म्हणूनच 2025 ला गॅव्हिन व्हाइट कर्णधार होता, आणि जुलैमध्ये डोनेगलला हरवून त्यानेच ऑल-आयर्लंडचा चषक उचलला.

तुमच्या रागात एक गोष्ट मात्र खरी आहे, फक्त नेम चुकलाय. ईस्ट केरी बेसुमार तगडी झाली होती, हे ट्रलीतला कुणीही सांगेल, आणि सभ्य शब्दांत सांगेलच असं नाही. पण का झाली? काउंटी चॅम्पियनशिपमध्ये सोळा संघ : आठ विभागीय आणि फक्त आठ सीनियर क्लब. क्लबांची दारं इतकी अरुंद ठेवल्यावर चांगलेचुंगले क्लब खाली ढकलले जाणारच. रॅथमोरचं बघा. फॉसा जिंकलं त्याच दिवशी, त्याच मैदानावर, रॅथमोरने इंटरमीडिएटचं, म्हणजे सीनियरच्या खालच्या दर्जाचं, ऑल-आयर्लंड जिंकलं. केरीचा गोलकीपर शेन रायन त्यांचा. असा क्लब तेव्हा पहिल्या आठांत नव्हता, म्हणून त्याची माणसं ईस्ट केरीकडे. 2021 चा काउंटी विजेता ऑस्टिन स्टॅक्ससुद्धा पुढे इंटरमीडिएटला घसरलाच की. माझं मत विचाराल तर आठाचे बारा करा, विभागीय संघांची सूज आपोआप उतरेल. विभागच बरखास्त करणं म्हणजे रोग सोडून रोग्यालाच औषध देणं बंद करण्यासारखं.

राहिला मन्स्टरचा प्रश्न. मन्स्टरची स्पर्धा क्लबांची आहे, तिथे विभागीय संघाला पाठवणं कॉर्क-लिमरिकसारख्या इतर काउंट्यांच्या क्लबांवर अन्याय झाला असता. म्हणून विभाग जिंकला की केरीच्या स्वतंत्र सीनियर क्लब स्पर्धेचा विजेता जातो. 2022 ला ट्रलीचे केरिन्स ओराहिलीज गेले आणि मन्स्टर जिंकून आले. तुमच्या हिशेबाने हा ‘हरलेला क्लब’. ट्रलीत हे मोठ्याने बोलू नका एवढंच सुचवतो.

तक्त्यावर फुली मारत नाही. चारही वर्षांपुढे ईस्ट केरीच राहील. मात्र मन्स्टरला कोण गेलं, हा रकाना शेजारी वाढवतोय. 2023 पुढे डिंगल येईल, अंतिम सामन्यात कॉर्कच्या कॅसलहेवनकडून पेनल्टींवर हरलेलं. 2020 पुढे नुसती रेघ : कोविडमुळे त्या वर्षी प्रांतिक क्लब स्पर्धा झाल्याच नाहीत.