सगळंच ‘छान’?

चकली छान. गाणं छान. नातीचं अक्षर छान, मावशीची पैठणी छान, सिंहगडावरचा पाऊसही छान! बास करा आता. चकली खुसखुशीत असते, भाजणीचं थालीपीठ खमंग, इडली लुसलुशीत, मिसळ झणझणीत. चार पदार्थांच्या चार तऱ्हा, आणि दाद एकच?

परवा आईनं सकाळभर खपून पुरणपोळ्या केल्या. पाहुणे बोटं चाटत होते, पण तोंडात शब्द एकच: छान. पुरण किती मऊसूत होतं, हे एकालाही सांगता येऊ नये? माझा जीव तुटला.

कोवळं ऊन, टिपूर चांदणं, टुमदार घर, वळणदार अक्षर, तलम लुगडं... कुठे गेले हे शब्द? १८३१ साली निघालेला मोल्सवर्थचा जाडजूड मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडा, विशेषणं ओसंडून वाहताहेत! ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आपण पेढे वाटले. तेही ‘छान’च होते म्हणे!

आता माझ्याकडे जेवायला याल तेव्हा आमटी आंबटगोड झालीय की तिखटजाळ, ते सांगा. त्याशिवाय पानावरून उठू देणार नाही.