एआयनं गरोदरपणाचं कोडं सोडवलेलं नाही

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: डीप लर्निंग (असंख्य उदाहरणं बघून शिकणारं एआय) आता ९९ टक्के अचूकतेनं अकाली प्रसूती आधीच ओळखतं, वारेचा (गर्भाशयात बाळाला पोसणाऱ्या अवयवाचा) फोटो पाहून प्रीएक्लॅम्प्सियाचं, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब चढणाऱ्या गंभीर आजाराचं, मूळ कारण सांगतं, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसणाऱ्या संशोधकांची गरज संपली, आणि लवकरच ॲप आलं की गरोदरपणातल्या बऱ्याच तपासण्या बंद होतील.

मी पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधक म्हणून हेच काम करते. वारेच्या स्लाइड स्कॅन करायच्या, त्यांवर न्यूरल नेटवर्क (डीप लर्निंगचं मॉडेल) शिकवायचं, आणि वार कशी वाढते, कुठे बिघडते हे शोधायचं. या तंत्रानं आमच्या क्षेत्राला खूप दिलं आहे आणि अजून देईल, याची मला खात्री आहे. पण हा मेसेज गरोदर बायकांपर्यंत पोचतो आहे, म्हणून एकेक मुद्दा घेते.

“९९ टक्के अचूकता”

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगभरात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मली, म्हणजे साधारण दहातलं एक. तेव्हा ‘सगळ्यांची प्रसूती वेळेवर होईल’ एवढंच सांगणारा प्रोग्रॅमही ९० टक्के अचूक ठरतो. ज्या बाईला इशारा हवा होता तिला मात्र तो एकदाही मिळत नाही.

मग ९९ पर्यंत आकडा जातो कसा? या विषयात खूप वापरला गेलेला एक खुला डेटासंच स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानाचा आहे. त्यात गर्भाशयाच्या विद्युत हालचालींची ३०० रेकॉर्डिंग आहेत. २६२ वेळेवर झालेल्या प्रसूतींची, अकाली फक्त ३८. एवढ्यानं भागत नाही म्हणून अनेकांनी कृत्रिम नोंदी तयार केल्या: दोन खऱ्या नोंदी घ्यायच्या आणि त्यांच्या दरम्यान कुठेतरी बसेल अशी तिसरी बनवायची. इथवर ठीक आहे. चूक पुढे झाली. या नोंदी मिसळून झाल्यावर मग शिकवायचा डेटा आणि परीक्षेचा डेटा वेगळा केला. त्यामुळे परीक्षेत ज्या बाईची नोंद येणार, तिचाच काही अंश मॉडेलनं शिकताना पाहिलेला होता. २०२१ मध्ये बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी या पद्धती पुन्हा चालवून पाहिल्या, पण डेटा आधी वेगळा करून. जवळपास बिनचूक दिसणारे निकाल कोसळले. असा पेपर हातात आला की मी निकालाचा तक्ता नंतर बघते. डेटा कसा विभागला, तो परिच्छेद आधी.

“फोटोवरून मूळ कारण”

हा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण यात जाणकारही फसतात.

प्रीएक्लॅम्प्सियात रक्तदाब चढलेला दिसतो तो विसाव्या आठवड्यानंतर. पण किमान लवकर उद्भवणाऱ्या प्रकारात तरी बिघाडाची सुरुवात त्याच्या कितीतरी आधी झालेली असते. वारेच्या पेशींनी गर्भाशयाच्या भिंतीत शिरून तिथल्या सर्पिल धमन्या रुंद करायच्या असतात; ते काम अर्धवट राहतं. आमच्या हातात येते ती मात्र प्रसूतीनंतरची वार. मॉडेल जे बघतं ते महिन्यांनंतरचे परिणाम असतात.

दुसरी अडचण आणखी अवघड आहे. वारेत झाडाच्या फांद्यांसारखे फाटे फुटलेले असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात. ३२ व्या आठवड्यातले व्हिलाय जाडसर आणि विरळ असतात. ३९ व्या आठवड्यापर्यंत ते बारीक आणि दाट होतात, आतल्या रक्तवाहिन्या कडेला येऊन टेकतात, म्हणजे बाळाचं आणि आईचं रक्त यांच्यात अगदी पातळ पडदा उरतो. आता, तीव्र प्रीएक्लॅम्प्सियावर खरा उपाय प्रसूती हाच, त्यामुळे अशा बाळांना बऱ्याचदा लवकर बाहेर काढावं लागतं. परिणामी ‘आजारी’ गटात ३२ आठवड्यांच्या वारा जमतात आणि ‘निरोगी’ गटात ३९ आठवड्यांच्या. मॉडेल दोन्ही गट झटकन वेगळे करतं. पण त्यानं ओळखलं काय? आजार, की वय?

मग ३२ आठवड्यांच्या निरोगी वारेशी तुलना करावी, असं कुणीही म्हणेल. ती मिळत नाही. सगळं सुरळीत असेल तर त्या आठवड्यात वार बाहेर येतच नाही. जी मिळते तिच्यामागे संसर्ग किंवा वेळेआधी फुटलेली पाणपिशवी असं काहीतरी असतंच. त्यात भर म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियात व्हिलाय वयाच्या मानानं लवकर पिकतात. आजार आणि वय असे एकमेकांत गुंतलेले असताना फोटो कितीही स्पष्ट असला तरी कारण आपोआप बाहेर पडत नाही. याच गुंत्याचा उपयोगही होतो: स्लाइडवरून वारेचं वय सांगायला मॉडेलला शिकवायचं, आणि त्यानं सांगितलेलं वय व खरं वय यांतला फरक तपासायचा. ही दिशा मला आशादायक वाटते. पण त्यातून निघतो तो प्रश्न. उत्तरासाठी प्रयोग करावाच लागतो.

“संशोधकांची गरज संपली”

व्हिलायच्या पृष्ठभागावर सिन्सिशियोट्रोफोब्लास्टचा थर असतो. पूर्ण दिवसांच्या वारेत तो सुमारे १२ चौरस मीटर पसरतो आणि ती एक सलग पेशी असते: असंख्य केंद्रकं, मध्ये भिंत नाही. पेशींच्या कडा शोधायला शिकवलेलं तयार सॉफ्टवेअर यावर लावलं तर नसलेल्या कडा काढतं. म्हणून वारेसाठी वेगळा विचार करावा लागला. २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या गटानं प्रसिद्ध केलेल्या ‘हॅपी’ या पद्धतीत आधी केंद्रकं शोधतात, मग पेशीचा प्रकार ठरवतात, आणि शेजारी कोण आहे त्याचा आलेख मांडून ऊती ओळखतात. हे कुणाला सुचलं? वार ओळखणाऱ्यांना. आणि त्या मॉडेलला शिकवणारी उदाहरणं माणसांनीच एकेक केंद्रक बघून लावलेली आहेत. त्यानंतर मॉडेल अख्ख्या स्लाइडवरची लाखो केंद्रकं मोजतं, जे माणसाला कधीच जमलं नसतं.

प्रयोग उंदरावर करावा म्हटलं, तर त्याची वार माणसापेक्षा बरीच वेगळी असते, तिथे पेशी भिंतीत इतक्या खोल शिरत नाहीत. म्हणून मॉडेलनं सुचवलेली गोष्ट तपासायला माणसाच्या ट्रोफोब्लास्टपासून (वारेच्या पेशींपासून) वाढवलेले ऑर्गनॉइड, म्हणजे प्रयोगशाळेतल्या छोट्या प्रतिकृती लागतात. ते २०१८ पासून हाती आहेत, आणि ते सांभाळायला माणसं लागतात.

“तपासण्या बंद होतील”

उलट घडतं आहे. २०२२ मध्ये नॉर्थ कॅरोलायना आणि झांबियातल्या लुसाकामधल्या अभ्यासात, सोनोग्राफीचं रीतसर शिक्षण नसलेल्यांनी पोटावरून सोनोग्राफी यंत्राचा प्रोब नुसता फिरवला आणि मॉडेलनं गर्भाचं वय प्रशिक्षित तज्ज्ञाच्या तोडीनं सांगितलं. जिथे सोनोग्राफी पोचत नव्हती तिथे ती पोचू शकते, हे खरं यश.

आणि इशारा मिळाला म्हणजे बाळ वाचलं असं नसतं. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या इन्फंट चाचणीत ४६ हजारांहून जास्त बायकांच्या प्रसूतीत बाळाच्या हृदयाचे ठोके बघून इशारा देणारं सॉफ्टवेअर तपासलं. ते डीप लर्निंगचं नव्हतं, पण धडा लागू पडतो: २०१७ मध्ये निकाल आला, बाळांच्या प्रकृतीत फरक पडला नव्हता. त्याच वर्षीच्या ॲस्प्री चाचणीत फरक पडला. पहिल्या तिमाहीत जोखीम जास्त आढळलेल्या बायकांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं, आणि ३७ आठवड्यांआधी प्रसूती करावी लागणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाचं प्रमाण ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आलं. जोखीम काढली होती रक्तदाब, रक्तातले घटक, गर्भाशयाच्या धमनीतला प्रवाह आणि आईचा पूर्वेतिहास यांवरून. म्हणजे तपासण्यांवरूनच. (हे ॲस्पिरिन डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कुणी घेऊ नये.)

तेव्हा तो मेसेज एखाद्या गरोदर मैत्रिणीला पाठवला असेल, तर तिला हेही कळवा: डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, उजव्या बरगड्यांखाली दुखणं, चेहऱ्यावर किंवा हातांवर अचानक सूज, यांतलं काहीही जाणवलं तर ॲप काहीही सांगो, लगेच दवाखान्यात जाऊन रक्तदाब आणि लघवी तपासून घ्यायची.